पंख्याला लगाम

इंग्रजी अमदानींत मध्यप्रांताच्या सरकारचा एक शिरस्ता होता. उन्हाळा चढूं लागला कीं सचिवालयांतील दप्तरें पेट्यांत भरलीं जात आणि वरिष्ठ अंमलदारांपासून त्यांच्या हाताखालील कारकुनांपर्यंत सारा लवाजमा पचमढीच्या थंड पठारावर मुक्कामास जाई. १८६१ सालीं हा प्रांत निर्माण झाला तेव्हांपासून नागपूर ही त्याची राजधानी. परंतु राजधानीच्या वैशाखाशीं राज्यकर्त्यांचा परिचय बेताचाच राहिला. पुढें १९५६ सालीं विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. विधिमंडळाचें एक अधिवेशन नागपुरास भरूं लागलें, तें बहुशः हिवाळ्यांत! राज्यें बदललीं, झेंडे बदलले, पण नागपूरचा मे महिना अंगावर घेण्याची हौस कोणत्याच सरकारला झाली नाहीं. तो वाट्याला आला महाल, इतवारी, धंतोली येथल्या रहिवाशांच्या; आणि त्यांनीं त्याच्याशीं जी झुंज दिली तिच्या इतिहासांत पंख्याला मोठें स्थान आहे. पंखा फिरवणें ही त्या इतिहासाची एक बाजू. फिरत्या पंख्याला हवा तेवढाच फिरूं देणें ही दुसरी, आणि हिच्याकडे आजवर लक्ष थोडें गेलें आहे.

विजेच्या आधींच्या काळांत छताला टांगलेला कापडी पंखा दोरीनें ओढला जाई. दोरीचें टोक भिंतीच्या भोंकांतून बाहेर जाई आणि तेथें ओसरीवर पंखेवाला बसलेला असे. या पंख्याचा वेग ठरवणारें यंत्र म्हणजे पंखेवाल्याचा दंड, आणि त्या यंत्राची कळ म्हणजे आंतून येणारी साहेबाची हांक. दुपार कलली कीं पंखेवाल्याचे डोळे मिटत, दोरी सैल पडे, आणि आंतून ओरडा येई. ज्याच्या श्रमानें वारा निर्माण होई त्याच्या अंगाला त्यांतला कणभरहि लागत नसे. तो बाहेर उन्हाच्या झळांतच बसलेला असे. कचेऱ्यांच्या थंडाव्याचीं वर्णनें वाचतांना ही गोष्ट विसरून चालत नाहीं.

याच सुमारास आणखी एक यंत्र प्रचारांत होतें. लाकडाची मोठी पेटी, तिच्या बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, आणि आंत हातानें फिरवावयाचें पात्यांचें चाक. इंग्रज त्यास थर्मँटिडोट म्हणत. फॅनी पार्क्स या इंग्रज बाईनें १८५० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्याचा उल्लेख केला आहे. कोरडी हवा ओल्या वाळ्यांतून ओढून आंत सोडावयाची, पाण्याची वाफ होतांना ती हवेंतील उष्णता घेऊन जाते व हवा थंड होते, एवढेंच त्याचें तत्त्व. नागपूरकराला या वर्णनांत ओळखीचें कांहीं दिसलें नाहीं तरच नवल! लोखंडी पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या जाळ्या, खालीं पाण्याची टाकी, वरून ठिबकणारें पाणी आणि चौथ्या बाजूला पंखा असा जो कूलर आज येथल्या बहुतेक खिडक्यांना लागलेला दिसतो, तो याच पेटीचा नातू आहे. हाताच्या जागीं मोटर आली एवढाच मुख्य फरक.

हवा ओलसर करण्याची गरज नागपुरांत केवळ माणसांनाच होती असें नव्हे. १ जानेवारी १८७७ या दिवशीं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यांत आलें त्याच दिवशीं, जमशेटजी टाटांनीं येथें एम्प्रेस मिल सुरू केली. कोरड्या हवेंत सूत तुटतें. म्हणून त्या गिरणींत हवा ओलसर ठेवणारीं यंत्रें बसवण्यांत आलीं. गिरणी आतां उरलेली नाहीं. तिच्या जागेवर एम्प्रेस सिटी नांवाचा वातानुकूलित मॉल उभा आहे.

विजेचा पंखा जन्मला अमेरिकेंत. १८८२ सालीं शुइलर व्हीलर यानें दोन पात्यांचा टेबलावरचा पंखा तयार केला, आणि त्याच दशकांत फिलिप डील यानें शिवणयंत्राच्या मोटरीचा अनुभव गांठीशीं घेऊन छताचा पंखा सिद्ध केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हे पंखे हिंदुस्थानांतील मोठ्या शहरांत येऊं लागले आणि पंखेवाला हळूहळू नाहींसा झाला. त्याच्याबरोबर साहेबाची हांकहि गेली. तिची जागा घेतली भिंतीवरच्या काळ्या गोल डब्यानें. यालाच रेग्युलेटर म्हणत. त्याच्या पोटांत रोधक तारेचें वेटोळें असे व त्यास चारपांच ठिकाणीं टांके काढलेले असत. कळ एकावर ठेवली कीं विजेला साऱ्या वेटोळ्यांतून जावें लागे. पांचावर ठेवली कीं वाट मोकळी. युक्ति सोपी होती, पण तिच्यांत एक खोट होती. पंख्याला न दिलेली वीज वांचत नसे, तर मोठा भाग त्या वेटोळ्यांतच उष्णता होऊन जाई. जुन्या घरांतील मंडळींना हा डबा हाताला ऊन लागे तें आठवत असेल. खोली थंड करण्यासाठीं लावलेल्या यंत्राची कळ स्वतः खोली तापवीत असे, आणि पंखा मंद केल्यानें बिल त्या मानानें उतरत नसे. काटकसरीसाठीं पंखा दोनावर ठेवण्याचा कुटुंबप्रमुखांचा आग्रह पुष्कळ अंशीं व्यर्थच होता म्हणावयाचा.

१९६० नंतरच्या दशकांत ट्रायॅक हा अर्धवाहकाचा तुकडा निघाला आणि त्यानें ही खोट काढून टाकली. घरांतील विजेच्या प्रवाहाच्या सेकंदाला शंभर अर्धलाटा येतात. ट्रायॅक प्रत्येक लाटेचा आरंभींचा तुकडा अडवतो व उरलेला जाऊं देतो. अडवलेली वीज जळत नाहीं, ती मुळीं घेतलीच जात नाहीं. परंतु अशा कापलेल्या लाटेवर चालणारी मोटर गुणगुणूं लागते, आणि जवळ मध्यम लहरींचा रेडिओ असेल तर त्यांत खरखर ऐकूं येते. रात्रीं नाट्यसंगीत लावून पंख्याची कळ फिरवणाऱ्या पुष्कळांना गवयाच्या मागें हा अनाहूत साथीदार भेटलेला आहे! पुढें कपॅसिटरचे रेग्युलेटर आले. त्यांत वीजहि वांचते व गुणगुणहि होत नाहीं. मात्र वेग पायऱ्यापायऱ्यांनींच बदलतो.

कूलरच्या पंख्याचा वेग हें स्वतंत्र शास्त्र आहे. हवेचें उष्णतामान ४४ अंश आणि आर्द्रता शेंकडा १५ असतां ओल्या फडक्यांत गुंडाळलेला तापमापक सुमारें २३ अंश दाखवतो. कूलरची हवा याच्या खालीं जाऊं शकत नाहीं. चांगल्या जाळ्या असतील तर ती २७–२८ अंशांपर्यंत येते. पंखा फार वेगानें फिरवला तर हवा जाळींत पुरेशी थांबत नाहीं आणि पाण्याचे थेंब खोलींत उडतात. फार हळू फिरवला तर खोलींतील दमट हवा बाहेर ढकलली जात नाहीं व अंगाला चिकचिक येते. म्हणून चैत्रांत जाळ्या बदलल्या कीं पहिले दोनतीन दिवस घरांत कळीवरून वाद होतात. जून संपतां संपतां पाऊस येतो, हवाच ओली होते, आणि मग कोणत्याहि वेगाचा उपयोग नसतो.

अशा घरांत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कॉम्प्युटर आला. सुटे भाग आणून जोडलेला, कापडी बुरखा पांघरलेला, स्थिर दाबाच्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा. आरंभीं त्याच्या पोटांत विद्युत्पुरवठ्याच्या डब्याचा एकच पंखा असे. १९९३ सालचा पहिला पेंटियम हा गणकाचा मेंदू सुमारें १५ वॅट उष्णता टाकी. एका लहान दिव्याएवढी. तेवढ्यासाठीं त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ठोकळा व चिमुकला पंखा बसवला कीं भागे. पुढच्या अकरा वर्षांत तोच आंकडा शंभराच्या पलीकडे गेला. १९९८ सालीं निघालेला सेलेरॉन ३०० ए हा स्वस्त मेंदू नेमून दिलेल्या ३०० ऐवजीं ४५० मेगाहर्ट्झनें धांवूं शकतो हें लोकांना कळलें, आणि मेंदूला चाबूक मारून पळवण्याचा छंद जगभर पसरला. चाबकाबरोबर उष्णता वाढली, आणि मिनिटाला सातसात हजार फेरे घेणारे साठ मिलिमीटरचे पंखे बाजारांत आले. त्यांचा आवाज डांसाच्या गुणगुणीचा नव्हे, शिटीचा होता.

येथें हौशी मंडळींना भिंतीवरच्या कळीची आठवण झाली. पण ती कळ या पंख्याला चालत नाहीं, आणि याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. छताचा पंखा २३० व्होल्टांच्या उलटसुलट प्रवाहावर चालतो. कॉम्प्युटरचा पंखा १२ व्होल्टांच्या एकमार्गी प्रवाहावर. त्यांत कोळशाचे ब्रशहि नसतात. फिरणाऱ्या भागांत चुंबक असतो, आंत तारेचीं वेटोळीं असतात, आणि चुंबक कोठें आला आहे हें पाहून वेटोळ्यांतील प्रवाह पालटणारा एक लहानसा पहारेकरी असतो. त्याला पुरेसा दाब न मिळाला तर तो कामच करीत नाहीं. म्हणून या पंख्याला लगाम घालावयाचा तो निराळ्या रीतीनें.

पहिली रीत जुन्या डब्याचीच. पंखा १२ व्होल्टांवर ०.१५ ॲम्पियर घेत असेल तर तो ढोबळ मानानें ८० ओहमांच्या रोधकासारखा समजावा. त्याच्या मालिकेंत ४७ ओहमांचा रोधक जोडला कीं पंख्याच्या वाट्याला साडेसात व्होल्ट येतात आणि रोधक सुमारें ०.४ वॅट जाळतो. सीताबर्डीच्या दुकानांत सुट्या मिळणारा पाव वॅटचा रोधक येथें लावणाऱ्याला थोड्याच वेळांत जळका वास येई. एक किंवा दोन वॅटचा घ्यावा हा धडा पुष्कळांनीं नाकानें शिकला. दुसरी युक्ति त्याहून चतुर. विद्युत्पुरवठ्याच्या डब्यांतून पिवळी तार १२ व्होल्टांची, तांबडी ५ व्होल्टांची आणि काळी शून्याची अशा तारा निघतात. पंख्याची काळी तार काळीला न जोडतां तांबडीला जोडली तर पंख्याला बारा वजा पांच, म्हणजे सात व्होल्ट मिळतात. एक पैसाहि खर्च न होतां! मात्र पंख्यांतून आलेला प्रवाह आतां पांच व्होल्टांच्या वाटेंत शिरतो. त्या वाटेवर त्याहून अधिक प्रवाह घेणारें दुसरें कोणी नसेल तर तेथील दाब वर सरकतो, आणि चकतीसारखे मौल्यवान भाग धोक्यांत येतात. फुकटच्या युक्तीची किंमत अशी लपलेली असते.

तिसरी रीत एल एम ३१७ या तीन पायांच्या तुकड्याची. १९७० च्या दशकांत निघालेला हा तुकडा दोन रोधकांच्या प्रमाणावरून ठरेल तेवढाच दाब पुढें जाऊं देतो. एका रोधकाच्या जागीं फिरती कळ बसवली कीं मनाजोगता वेग. स्वतःच्या चालीसाठीं तो दोनएक व्होल्ट ठेवून घेतो, त्यामुळें पंख्याला दहाच्या वर मिळत नाहींत. शिवाय उरलेली वीज तोहि तापूनच टाकतो. म्हणजे तत्त्वतः भिंतीवरचा काळा डबाच, फक्त शिस्तीचा. चौथी रीत ट्रायॅकच्या कुळांतली. हान्स कामेन्झिंड यानें १९७१ सालीं रचलेला ५५५ हा कालमापक तुकडा घेऊन पंख्याची वीज सेकंदांत अनेकदां चालू-बंद करावयाची. चालूचा काळ वाढवला कीं वेग वाढतो. हीं मांडणीं दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ सारख्या मासिकांच्या वाचकांना नवीं नव्हतीं. पूर्वीं तींच दिव्यांसाठीं व खेळण्यांच्या मोटरींसाठीं वापरलीं जात. पण पंख्याच्या तिसऱ्या तारेनें येथें घोटाळा केला. ती तार प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके देऊन वेग कळवीत असते. वीजच तुटक झाली कीं ठोकेहि तुटक होतात, आणि मुख्य फलकाला वाटतें कीं पंखा बंद पडला. रात्रीच्या शांततेसाठीं केलेल्या खटपटीचें फळ म्हणून कॉम्प्युटर चालू होतांच धोक्याची शिटी वाजूं लागे.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें घरांतील वडील मंडळी विचारीत. त्याला गणिताचें उत्तर आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर वाराहि निम्मा होतो. पण त्याला लागणारी शक्ति एक अष्टमांशावर येते आणि आवाज सुमारें १५ डेसिबलांनीं उतरतो. थोडा वारा सोडून फार मोठी शांतता मिळते. एकाच खोलींत झोपणाऱ्या घरांत हा सौदा लहान नव्हता.

पण सौद्याची दुसरी बाजू भयंकर होती. २००१ सालीं एका प्रसिद्ध चाचणींत चालत्या कॉम्प्युटरच्या मेंदूवरचा ठोकळा काढून घेण्यांत आला. पेंटियम ४ स्वतःहून मंदावला व चालत राहिला. त्या काळचा अॅथलॉन कांहीं सेकंदांत जळून गेला. हातानें केलेला नियंत्रक अडकला तर काय होईल हें त्यावरून दिसलें. पंखा फिरता ठेवावयास पांच व्होल्ट पुरतात म्हणून कळ पांचावर ठेवणारा मनुष्य हें विसरतो कीं, थांबलेला पंखा सुरू करावयास सहासात लागतात. दिवसभर नीट चाललेला पंखा संध्याकाळीं पुन्हां सुरू करतांना जागचा हलतच नाहीं. त्यांत नागपूरची धूळ आणि भारनियमन! २००५ नंतरच्या कांहीं उन्हाळ्यांत शहराच्या उत्तरेस कोराडीचीं धुराडीं धूर सोडीत असत आणि विदर्भांतील घराघरांत वीज दिवसांतून अनेकदां जात-येत असे. वीज प्रत्येक वेळीं परतली कीं पंखा नव्यानें निघालाच पाहिजे, ही परीक्षा थंड व सुरळीत देशांतील कारागिरांना द्यावी लागली नव्हती.

त्यांच्या कृतींतील आंकडेहि येथें जसेच्या तसे चालत नसत. चांगला ठोकळा वॅटमागें ०.४ अंश चढतो असें धरलें तर ६५ वॅटांचा मेंदू खोलीपेक्षां २६ अंशांनीं गरम राहणार. खोली २५ अंशांची असेल तर मेंदू ५१ वर. खोली ४२ अंशांची असेल तर ६८ वर. पंखा कितीहि फिरला तरी ठोकळा खोलीहून थंड होणें नाहीं. यावर उपाय म्हणून वेग उष्णतामानावर सोंपवण्याची रीत निघाली. तिला लागणारा थर्मिस्टर म्हणजे उष्णता वाढली कीं रोध कमी होणारा मणी. या गुणाची नोंद मायकेल फॅरडे यानें १८३३ सालींच रुप्याच्या सल्फाइडवर केली होती. २५ अंशांना दहा हजार ओहम दाखवणारा मणी ५० अंशांना सुमारें साडेतीन हजारांवर येतो, आणि त्या बदलावर ट्रान्झिस्टर पंख्याची वीज सैल करतो. परंतु युरोपीय कृतीप्रमाणें ‘४० अंशांना पूर्ण वेग’ असें ठरवलें तर नागपुरांत मार्चअखेरपासून पंखा रात्रंदिवस ओरडत राही. तोच आंकडा वैशाखाच्या हिशेबानें वर नेला तर पौषांत पंखा निघतच नसे. खरी वाट होती ती दोन मणी वापरण्याची. एक पेटीच्या तोंडाशीं, एक ठोकळ्यापाशीं, आणि नियंत्रकानें त्यांतील अंतर पाहावयाचें. ऋतु बदलला तरी अंतर फारसें बदलत नाहीं.

शहाण्या कारागिरानें आणखी एक गोष्ट केली पाहिजे होती. मण्याची तार तुटली तर रोध अनंत होतो, आणि नियंत्रक समजतो कीं कडाक्याची थंडी पडली आहे. तो पंखा बंद करतो आणि मेंदू भाजत राहतो. म्हणून मण्याच्या शेजारून एक कायमची वाट ठेवावयाची, म्हणजे मणी काहीं सांगो, पंखा ठरलेल्या किमान वेगाच्या खालीं जाऊंच नये. हा एक रोधक वांचवणारीं मांडणीं पुष्कळ होतीं आणि तीं दिसावयास सुबकहि होतीं.

मण्यावर किती विश्वास ठेवावा याचा दाखला नागपूरनें सबंध देशाला दिला. ३० मे २०२४ रोजीं शहरांतील रामदासपेठ भागांतल्या हवामानखात्याच्या एका स्वयंचलित केंद्रानें ५६ अंशांची नोंद केली. बातमी क्षणांत सर्वत्र गेली. मग खात्यानें खुलासा केला कीं संवेदक बिघडला होता. त्याच दिवशीं शहरांतल्या दुसऱ्या एका केंद्रावर ४४ अंशांची नोंद होती. उष्णतेकडे चुकणारा मणी फक्त गाजावाजा करतो. थंडीकडे चुकणारा मणी कॉम्प्युटर जाळतो, आणि त्याची बातमी होत नाहीं.

२००४ च्या सुमारास पंख्याला चौथी तार आली. वीज अखंड चालू ठेवावयाची आणि वेगाचा हुकूम या निराळ्या तारेवरून सेकंदाला पंचवीस हजार ठोक्यांच्या भाषेंत द्यावयाचा, अशी ती व्यवस्था. एवढे द्रुत ठोके मनुष्याच्या कानाला ऐकूं येत नाहींत, आणि तिसऱ्या तारेची वेगवार्ताहि तुटत नाहीं. मुख्य फलक आतां हें काम स्वतः करतो. हातानें नियंत्रक बांधण्याची निकड त्यामुळें सरली. छंद मात्र राहिला आहे, विशेषतः जुने पंखे कूलरच्या पंपाशेजारीं किंवा राउटरवर बसवणाऱ्यांत.

आणि त्यानंतर एक उलटा प्रवास घडला. ब्रश नसलेली ती चुंबकाची मोटर पेटींतून निघून छताला जाऊन पोंचली. मुंबईच्या आय. आय. टी. तून बाहेर पडलेल्या तरुणांनीं २०१२ सालीं स्थापन केलेल्या ॲटमबर्ग या कंपनीनें असे छताचे पंखे आपल्याकडे रूढ केले. जुना पंखा ७५ वॅट खाई तेथें हा सुमारें २८ वॅटांत काम भागवतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर विजेच्या बचतीचे तारे छापणें सक्तीचें झाल्यावर त्यांचा प्रसार आणखी वाढला. वेग बदलणारा पहारेकरी यांच्या पोटांतच असतो आणि हुकूम रिमोटवरून जातो. बाहेरून कमी केलेला दाब त्याला मानवत नाहीं. म्हणून वायरमन येतो तो भिंतीवरचा रेग्युलेटर बाद करून तारा थेट जोडून देतो. कित्येक घरांत ती कळ काढलेली नाहीं. पाहुण्यांतील एकादें वडील माणूस उकडूं लागलें कीं उठून ती पांचावर फिरवतें, आणि पंखा आपल्या वेगानें फिरत राहतो.